अठ्ठ्याऐंशीला उघडणारा

तुमची माझी भेट यापूर्वी झालेली नाही, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. ज्यांच्या गाडीत मी बारा वर्षं काढली, त्यांच्यापैकी दोघांनी तर माझं तोंडही पाहिलं नाही. मी थर्मोस्टॅट बोलतोय. एका उंच, ऐसपैस, सात माणसं बसतील अशा एसयूव्हीच्या इंजिनातला जुना थर्मोस्टॅट. मुठीत मावेन एवढा आकार, एक स्प्रिंग, एक पितळी पोट आणि त्या पोटात मेण. सध्या मुक्काम स्वयंपाकघराच्या खिडकीत, काडेपेटीच्या शेजारी.

माझं काम सांगायला फार वेळ लागत नाही. इंजिन गार असताना मी दार लावून बसायचं, म्हणजे आतलं पाणी रेडिएटरकडे जात नाही आणि इंजिन लवकर गरम होतं. पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांवर आलं की पोटातलं मेण वितळून फुगतं, दार उघडतं आणि गरम पाणी गार व्हायला रेडिएटरकडे धावतं. ते निवलं की दार पुन्हा बंद. माझ्या अंगावर ८८ हा आकडा ठोकलेला आहे. सत्त्याऐंशीला कुणी कितीही गयावया केली असती तरी मी हललो नसतो.

असल्या नोकरीमुळे स्वभाव कोरडा होतो, जन्मभर पाण्यात राहूनही. कुणाला बरं वाटावं म्हणून मी कधी उघडलो नाही आणि कुणाचा राग आला म्हणून बंद राहिलो नाही. तेव्हा पुढे जे सांगतो त्यात फार उमाळे शोधू नका. एकदोन ठिकाणी मलाही काही वाटलं, तिथे तसं सांगेन.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तपासणीच्या टेबलावर निळे हातमोजे घातलेली एक बाई होती. ती आम्हाला दहा-दहाच्या झुबक्यानं गरम पाण्यात बुडवायची आणि जो उशिरा उघडेल त्याला बाजूच्या पिंपात भिरकावायची. माझी वेळ आली तेव्हा ती जांभई देत होती. मी वेळेवर उघडलो, तिचं तोंड मिटायच्या आत. अशा रीतीनं मी पास झालो आणि खोक्यात गेलो.

गाडीचा पहिला मालक रस्त्यांची कामं घेणारा कंत्राटदार होता. माणूस फोनवर सतत ओरडायचा, पण इंजिनात कूलंट मात्र वेळच्या वेळी, चांगलं हिरवंगार भरायचा. दुसरा मालक फोटोग्राफर. बोलायला साखरेसारखा गोड. पातळी कमी झाली की प्यायच्या बाटलीतलं पाणी ओतायचा आणि म्हणायचा, "पाणी ते पाणी." ओरडणाऱ्यानं मला जपलं आणि गोड बोलणाऱ्यानं माझ्या अंगावर क्षार चढवले. दांडीवर पांढरा थर बसला, दार सरकताना खरखरायला लागलं. अठ्ठ्याऐंशीचा मी कधी नव्वदला उघडू लागलो, कधी त्र्याण्णवला. आपली सवय अशी हळूहळू बिघडते की बिघडलेलीच खरी वाटायला लागते.

याच अवस्थेत मी तिसऱ्या घरी आलो.

हे घर फिटरकाकांचं. बस डेपोत त्यांनी चौतीस वर्षं इंजिनं उघडली आणि मिटली. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली, कारण लहान गाडीत त्यांना हात घालायला जागा पुरत नाही. घरात काकू, आणि त्यांची मुलगी. मुलगी जमीन मोजणारी, सरकारी खात्यात. फिटरकाका तिला मोजपट्टी म्हणतात आणि ती त्या नावाला ओ देते, यावरूनच त्या दोघांचं कसं होतं ते समजा.

मोजपट्टीला डोंगरापलीकडच्या गावात नवी जागा मिळाली होती. अशी जागा दोन वर्षांपूर्वीही मिळाली होती. तेव्हा काकू आजारी पडल्या, ही रजा टाकून राहिली आणि जागा दुसऱ्याला गेली. आता सोमवारी सकाळी तिनं हजर व्हायचं होतं. मधे चाळीस वळणांचा घाट. तिपाई, काठ्या, दुर्बिणीच्या पेट्या, कपड्यांच्या दोन बॅगा, सगळं गाडीच्या मागच्या भागात चढलं होतं. गाडीही तिलाच मिळणार होती. फिटरकाकांनी चालवणं चार महिन्यांपूर्वी सोडलं होतं. गुडघा दुखतो म्हणाले.

आणि नेमका त्या आठवड्यात मी घात केला. साध्या पुलाचा चढ, पण पाणी शंभराच्या पुढे जाईपर्यंत मी दार उघडलंच नाही. काटा लाल रेषेकडे गेला, बोनेटखालून वाफ आली. मोजपट्टी गाडी हळूहळू घरी घेऊन आली. फिटरकाकांनी बोनेट उघडलं, वरच्या जाड नळीवर नुसता हात ठेवला. इंजिन धगधगतंय आणि नळी गार.

"थर्मोस्टॅट," ते म्हणाले. "दार उघडत नाहीये."

"मग गॅरेजला टाकते उद्या," मोजपट्टी म्हणाली.

"गॅरेजला? दोन बोल्टांचं काम, आणि माझ्या दारातून गाडी गॅरेजला जाणार? तू फक्त नवा घेऊन ये. रविवारी सकाळी मी बसवतो."

एक मिनिटात निदान. मला लपायला जागाच नव्हती.

रविवारी सकाळी इंजिन थंडगार असताना काम सुरू झालं. अंगणात सावलीची बाजू बघून गाडी लावायला लावली होती. फिटरकाकांनी टोपी भुवयांपर्यंत ओढली. हल्ली ऊन सोसवत नाही म्हणायचे. रेडिएटरच्या खाली टब सरकवला, तळाची तोटी सोडली. कूलंट टबात उतरलं. मग नळीची पकड सैल केली, नळी पिळून मागे ओढली, दोन बोल्ट काढले, माझ्यावरचं झाकण उचललं. बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर उजेड पडला. मला तो विशेष आवडला नाही.

त्यांनी मला चिमटीत धरून बाहेर काढलं आणि मान वाकडी करून बघितलं. कोंबडी दाण्याकडे बघते तसं, एका अंगानं. मला वाटलं रागावलेत. पाणी न बघता ओतणाऱ्याचा राग माझ्यावर निघतोय, असं मी समजलो.

आता त्यांची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. डेपोत त्यांच्या उस्तादानं त्यांना शिकवलं होतं की काढलेला भाग धुतल्याशिवाय खाली ठेवायचा नाही, मग तो भंगारात जाणारा का असेना. मळलेला भाग खाली ठेवला की उस्ताद जेवू देत नसे. त्या माणसाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण फिटरकाका अजून त्याच्या धाकात आहेत. त्यांनी मला व्हिनेगरमध्ये बुडवलं, जुन्या दातांच्या ब्रशनं घासलं, फडक्यानं पुसलं. अर्ध्या तासात माझ्या अंगावरचा पांढरा थर गेला आणि मी असा लख्ख झालो की कारखान्यातल्या त्या बाईनंही वळून बघितलं असतं.

मग आम्ही स्वयंपाकघरात गेलो. मी, आणि खोक्यातून काढलेला नवा.

"हे माझं दुधाचं पातेलं आहे," काकू म्हणाल्या.

"पाच मिनिटं लागतील."

"मागच्या वेळी बेअरिंग उकळलं होतंत. आठवडाभर चहाला ग्रीसचा वास येत होता."

"हे धुतलेलं आहे. माझ्यापेक्षा स्वच्छ."

"त्यात काय मोठंसं," काकू म्हणाल्या आणि पातेलं पुढे सरकवलं.

आम्हा दोघांना दोऱ्यानं बांधून पाण्यात सोडलं. नवा तरुण होता, अंगावर दुकानाचा वास. भिंतीवर थर्मामीटर टांगलेला होता, पण फिटरकाकांनी तो घेतला नाही. कान पातेल्याकडे करून उभे राहिले. पाणी गुणगुणायला लागलं की किती, बुडबुडे नाचायला लागले की किती, हे त्यांना आवाजावरून कळत होतं. मला त्यात कसब दिसलं. थर्मामीटरवरच्या बारीक रेघा त्यांना दिसत नसतील, हे माझ्या मनात आलं नाही.

नवा आधी उघडला. मी पाणी खळखळून उकळेपर्यंत अडून बसलो आणि मग कसाबसा उघडलो.

"म्हातारा पण आ करतोय की," फिटरकाका खूश होऊन म्हणाले. "ठेवून देऊ. अडीनडीला होईल."

अडीनडीचा एक पत्र्याचा डबा त्या घरात होताच. त्यातलं काही कुणाच्या अडीनडीला आल्याचं मी ऐकलेलं नाही.

आम्हाला टॉवेलवर निवायला ठेवलं, डेपोच्या रीतीप्रमाणे जुना डाव्या हाताला, नवा उजव्या हाताला. फिटरकाका नवी रबरी कडी शोधायला बाहेर गेले. काकूंना ओटा हवा होता. त्यांनी टॉवेल जसाच्या तसा उचलून टेबलावर ठेवला, फक्त ठेवताना तो फिरला. आता मी उजवीकडे होतो.

काकूंची यात चूक नाही. दोघांच्या अंगावर आकडे होते, माझ्यावर ८८ आणि नव्यावर ८२. बघितलं असतं तर शाळेतल्या पोरानंही ओळखलं असतं. फिटरकाका परत आले, उजव्या हाताचा उचलला, खिडकीकडे धरला. पुन्हा तीच वाकडी मान. अंगठा माझ्या आकड्यावरून फिरला, मागे-पुढे, दोनदा. त्यांचे डोळे माझ्यावर नव्हते, माझ्या बाजूच्या हवेवर होते. आणि मला कळलं, हा माणूस रागावलेला नाही. याला दिसत नाहीये.

"ठीक," ते म्हणाले आणि मला घेऊन अंगणात निघाले.

इथे मी कबूल केलेलं पहिलं ठिकाण आलं. मला आनंद झाला. मी परत माझ्या जागी चाललो होतो. उद्या घाटात काय होईल हे मला नीट माहीत होतं, तरीही झाला. इतकी वर्षं एकच काम केल्यावर ते काम आपल्याकडून होत नाही हे कळलं, तरी हात पुढे होतोच.

बसवण्याचं काम त्यांनी सुरेख केलं, हे सांगायलाच हवं. हवा निघायची बारीक पिन वरच्या अंगाला आली आहे ना, हे बोटानं चाचपलं. रबरी कडी खोबणीत बसवताना तिच्यावरून नख फिरवून बघितलं. बोल्ट आधी हातानं, मग पान्यानं, आलटून पालटून. त्या हातांना डोळ्यांची गरज नव्हती. फक्त आकडा मात्र बोटांना लागत नव्हता, इतका तो बारीक.

कूलंट भरलं. मोजपट्टी चालकाच्या जागी बसली, हीटर चालू केला, किल्ली फिरवली. फिटरकाका बोनेटखाली उभे राहिले.

"काटा कुठंय?"

"खाली आहे."

थोड्या वेळानं पुन्हा, "आता?"

"मधे आलाय."

पाणी अठ्ठ्याऐंशीला पोहोचलं. मी खरोखर जोर लावला. स्वच्छ अंग होतं, नवी कडी होती, सगळं माझ्या बाजूनं होतं. दांडी हलेना. नव्वद. पंच्याण्णव.

"बाबा, मधल्याच्या वर चाललाय."

फिटरकाकांनी वरच्या नळीवर हात ठेवला. गार.

"बंद कर," ते म्हणाले. मग पाना फडक्यावर ठेवला. "नवा निघाला तोही तसलाच. हल्लीच्या मालात काही राम राहिला नाही. पातेल्यात तर उघडला होता."

मोजपट्टी घरात गेली, दुकानाला फोन लावायला. फोन टेबलावर होता आणि फोनच्या शेजारी टॉवेलवर नवा थर्मोस्टॅट पडला होता. तिचा जन्म आकडे वाचण्यात गेलेला. तिनं तो उचलला, ८२ वाचला, खालची या वर्षाची तारीख वाचली आणि तशीच उभी राहिली. हे मला नंतर काकूंच्या तोंडून कळलं. त्या ओट्याशी उभ्या होत्या. त्या म्हणतात, पोरीचा चेहरा खर्रकन उतरला.

फोन खिशात टाकून ती बाहेर आली आणि तो नवा वडिलांच्या तळहातावर ठेवला.

"बाबा, यावर काय लिहिलंय?"

फिटरकाकांनी तो उन्हाकडे धरला, मान वाकडी केली, अंगठा फिरवला.

"अठ्ठ्याऐंशी. दुसरं काय लिहिणार?"

"ब्याऐंशी आहे. दुकानदार म्हणाला, या गाडीला आता ब्याऐंशीचाच येतो. तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही. वाटलं, तुम्ही वाचालच."

"चष्मा आत राहिला," फिटरकाका म्हणाले.

चष्मा त्यांच्या नाकावर होता. मोजपट्टीनं तो दाखवून दिला नाही. इंजिनात बसून मी हे ऐकत होतो आणि मला त्या माणसाची लाज वाटण्याऐवजी माझीच वाटली. हे दुसरं ठिकाण.

ते गाडीच्या पायरीवर टेकले. पान्यावरून फडकं फिरवत बसले, तो स्वच्छ असूनही.

"रस्त्यावरची पाटी वाचता येत नाही," ते म्हणाले. "समोरून गाडी आली की सगळा उजेडच उजेड. गुडघ्याला काही झालेलं नाही. चालवणं सोडलं ते त्यामुळे."

"चार महिने?"

"सहा."

"आणि सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू राहिली असतीस. आईच्या वेळी राहिलीस, जागा गेली. परत माझ्यापायी जाऊ देऊ का?"

"आणि हा जुना तसाच घाटात नेला असता तर? विसाव्या वळणावर इंजिन बसलं असतं, बाबा. मी एकटी असते."

चौतीस वर्षं त्यांच्या हातची एक बस वाटेत उभी राहिली नव्हती, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आता खाली बघत बसले होते, आणि खालचंही त्यांना दिसत नव्हतं.

काकू दारात आल्या. "पेपर तुम्ही नुसता चाळता," त्या म्हणाल्या. "दिवाळी ते दिवाळी एक शब्दकोडं सुटायचं राहत नव्हतं, आता सगळी कोरी. मला काय कळत नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, आपणहून सांगाल. तुमची वाट बघत बसले."

मोजपट्टीनं फोन काढला. "मी साहेबांना सांगते, चार दिवसांनी येते म्हणून."

"फोन ठेव," फिटरकाका म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण ती थांबली. "घाटाच्या पायथ्याला डोळ्यांचा दवाखाना आहे ना? तिथपर्यंत आम्ही दोघं तुझ्या गाडीतून येतो. आम्हाला उतरव आणि तू पुढे जा. येताना आम्ही बसनं येऊ. हे कबूल असेल तर मी डोळे दाखवतो. नसेल तर नाही."

"हा काय सौदा झाला?"

"झाला. कबूल का?"

तिनं काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली.

"कबूल," मोजपट्टी म्हणाली.

इंजिन निवायला दोन तास लागले. तेवढ्यात सगळे जेवून घेऊन आले. मग पुन्हा टब, तोटी, नळी, बोल्ट. या वेळी मोजपट्टी बाह्या सरसावून बापाच्या शेजारी वाकली होती.

"तू वाच, मी आवळतो," ते म्हणाले.

"ब्याऐंशी. पिन वर. कडीची सपाट बाजू आत."

"शाब्बास. आता बघ, हा बोल्ट इथवर हातानं. यापुढे पाना. आणि इथे थांबायचं, जोर करायचा नाही, ऍल्युमिनियम आहे. लागलं हाताला?"

"लागलं."

"परत कधी अडलं तर तुझं तुला करता आलं पाहिजे."

मी टबाच्या काठावर पडून बघत होतो. इंजिन सुरू झालं. काटा चढला, मधे आला आणि तिथेच उभा राहिला. फिटरकाकांनी नळीवर हात ठेवला आणि चटका बसल्यावर पटकन मागे घेतला. त्या चटक्यानं कुणाचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. माझी जागा दुसऱ्यानं घेतली होती आणि तो ती नीट चालवत होता. वाईट वाटलं का? थोडं. पण काटा मधे होता.

मला पुन्हा पुसलं गेलं आणि मी अडीनडीच्या डब्यात गेलो. सोमवारी पहाटे दारं लागल्याचा आवाज आला, गाडी गेली आणि घर रिकामं झालं. मोजपट्टी वेळेवर हजर झाली. फिटरकाकांना मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला, आणि त्याचं ऑपरेशनही झालं. हे सगळं मला डब्यात ऐकू आलं, कारण फिटरकाका फोनवर बोलताना डेपोतल्या आवाजात बोलतात.

दीड महिन्यानं डब्याचं झाकण उघडलं. काळा चष्मा कपाळावर सरकवून फिटरकाकांनी मला बाहेर काढलं आणि खिडकीत धरलं. मान सरळ होती.

"अठ्ठ्याऐंशी," त्यांनी वाचलं. मग खालची तारीख वाचली. मग त्याखाली इतक्या बारीक अक्षरांत ठोकलेला माझा अनुक्रमांक, जो त्या निळ्या हातमोज्यांच्या बाईनंही वाचला नव्हता, तो एकेक आकडा सुटा करून शेवटपर्यंत वाचला. दोनदा वाचला. काकू चहा गाळत होत्या. त्या थांबून ऐकत राहिल्या.

"बरोबर आहे का?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत," काकू म्हणाल्या. "मला कुठे इतकं बारीक दिसतंय."

फिटरकाकांनी हळूच मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग मला त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "वाच बघू."

तर मी आता इथे, खिडकीत असतो. दुपारी ऊन येतं, अंग कोमट होतं, अठ्ठ्याऐंशीच्या आसपासही जात नाही. दार बंद असतं. पुढच्या महिन्यात काकूंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख आहे. त्यांनाही परत आल्यावर मला वाचायचं आहे, म्हणून डब्यात टाकू देत नाहीत. बारा वर्षं मला कुणी पाहिलं नाही, आणि आता या घरात डोळे तपासायला मी लागतो.

जाता जाता एक मागणं. गाडीचा काटा मधे असला की तुम्ही त्याच्याकडे बघत नाही, ते ठीक आहे, आम्ही त्यासाठीच असतो. पण घरातलं कुणी हल्ली मान वाकडी करून बघत असेल, पेपर नुसता चाळत असेल, गुडघा दुखतो म्हणून किल्ली तुमच्या हातात देत असेल, तर तो रागावला आहे किंवा म्हातारा झाला आहे असं ठरवून मोकळे होऊ नका. त्याच्या हातावर माझ्यासारखं काहीतरी ठेवा, आणि त्यावर काय लिहिलंय ते विचारा.